महिना एकोणपन्नास रुपये भाडं

सप्टेंबर २०११. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याकडे त्या आठवड्यात प्रत्येक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एकच आकडा होता, ३२. नियोजन आयोगानं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं होतं की शहरात दरडोई दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च असेल, तर तो माणूस दारिद्र्यरेषेच्या वर धरला जाईल. महिन्याच्या हिशेबात शहरासाठी ९६५ रुपये. पाच माणसांच्या घराला ४,८२५. बत्तीस रुपयांवर देशभर संताप उसळला आणि तो रास्तच होता. मला मात्र आतल्या पानावरचा तपशील जास्त लागला. त्या ९६५ रुपयांत भाडं आणि प्रवास मिळून दरडोई महिन्याला सुमारे ४९ रुपये धरले होते.

आमच्या चाळीत तेव्हा खटाव तालुक्यातून आलेल्या एक मावशी राहायच्या. डोंबिवलीत तीन घरची धुणीभांडी करायच्या. नवरा ठाण्याला बिगारी कामावर, घरात सासू आणि दोन मुलं. मी पेपर घेऊन त्यांच्या उंबऱ्यावर बसलो आणि हिशेब मांडला. पाच माणसांचं भाडं आणि प्रवास मिळून २४५ रुपये. त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीचं भाडं होतं दीड हजार, डिपॉझिट वेगळं, आणि नवरा-बायकोचे दोन पास. मावशींना वाटलं माझी वाचण्यात चूक झाली. "दोनशे पंचेचाळीस? लाइट बिलाचे असतील ते," त्या म्हणाल्या.

हा आकडा कुणी खोडसाळपणे काढलेला नव्हता. पाहणीत लोकांनी सांगितलेल्या खर्चाची ती सरासरी होती. ज्याची झोपडी स्वतःची, त्याचं भाडं शून्य. कामाला चालत जातो, त्याचा प्रवास शून्य. अशी शून्यं मिसळली की भाडेकऱ्याचं भाडं सरासरीत विरघळून जातं. पण मग मोजायचं कसं? आपल्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला, त्याचं उत्तर पुढे कुणी कसं दिलं आणि त्या उत्तरांत मावशींसारख्यांना जागा कुठे होती, हे मी तेव्हापासून शोधत आलो. आश्चर्य म्हणजे यातली बरीचशी माणसं आपलीच निघाली, मुंबई-पुण्याची, साताऱ्याची.

सुरुवात दादाभाई नौरोजींपासून. १८७६ मध्ये त्यांनी मुंबईत भारताच्या दारिद्र्यावरचा निबंध वाचला. हिंदुस्थानचं दरडोई वार्षिक उत्पन्न त्यांनी २० रुपये काढलं होतं. पण २० रुपये थोडे की पुष्कळ, हे ठरवायला दुसरं काहीतरी समोर ठेवायला हवं. दादाभाईंनी सरकारचीच दोन मापं उचलली. जहाजानं परमुलखात नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठी सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यानं ठरवलेला शिधा हे एक : तांदूळ किंवा पीठ, डाळ, मटण, भाजी, तूप, तेल, मीठ. दुसरं माप तुरुंगातल्या कैद्याच्या जेवणाचं. १८६७-६८ च्या किमतींनी प्रांताप्रांतांत नुसतं जगायला माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये लागतात, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे ज्या देशात माणसाच्या वाट्याला २० रुपये येतात, तिथे कैद्याचं पोट रयतेपेक्षा जास्त भरत होतं. सरकारला नाकारता येणार नाही अशा सरकारी कागदांवरून त्यांनी हे सिद्ध केलं. मला ही पद्धत आजही थोर वाटते.

तुरुंगाचं हे माप मुंबईत पुन्हा एकदा निघालं. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास तिचे प्रमुख होते. अहवालातला निष्कर्ष असा की कामगार धान्य खातो ते दुष्काळ संहितेनं ठरवून दिलेल्या मापाएवढं, पण मुंबई जेल मॅन्युअलमधल्या कैद्याच्या शिध्याहून कमी. दादाभाईंच्या निबंधानंतर जवळपास अर्धशतक गेलं होतं, आणि ज्यांच्या श्रमांवर मुंबई उभी राहिली त्यांचं ताट अजून कैद्याच्या ताटापेक्षा हलकं होतं. त्या पाहणीत चाळीतल्या खोल्यांची भाडीही नोंदली होती, हे विशेष सांगायला हवं. मुंबईत घरखर्च लिहायचा तर भाडं वगळून चालत नाही, हे तेव्हाच्या कारकुनांनाही कळत होतं.

स्वातंत्र्यानंतर हे माप तुरुंगातून नियोजन आयोगात आलं. १९६२ मध्ये आयोगाच्या अभ्यासगटानं १९६०-६१ च्या किमतींनी किमान राहणीमान ठरवलं : खेड्यात पाच जणांच्या कुटुंबाला महिना १०० रुपये, शहरात १२५. या गटात धनंजयराव गाडगीळ होते, अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते. शिक्षण आणि औषधपाणी यांचा खर्च त्यांनी धरला नाही, कारण ते सरकार पुरवणार होतं. ते गृहीतक शुभ होतं, पण पुढे कित्येक दशकं दारिद्र्यरेषेच्या मानगुटीवर बसलं. दवाखान्याचं बिल माणूस खिशातून भरत राहिला आणि कागदावर त्याच्यावर सरकारी इलाज चालू राहिला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६३ मध्ये, राममनोहर लोहियांनी लोकसभेत देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात असं सांगितलं. नेहरूंचं उत्तर होतं पंधरा आणे. दशमान नाणी येऊन सहा वर्षं झाली होती, तरी भांडण आण्यांतच झालं. सरासरी आणि तळातला माणूस यांतला फरक त्या दिवसांत देशाला कळला.

१९७१ च्या जानेवारीत मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या लागोपाठच्या दोन अंकांत एक दीर्घ अभ्यास आला, 'पॉव्हर्टी इन इंडिया'. लेखक वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ, दोघंही पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले. दांडेकर जन्मानं सातारचे आणि त्या वेळी संस्थेचे संचालक. रथ मूळचे ओडिशाचे. दोनच महिन्यांनी 'गरिबी हटाओ'ची निवडणूक झाली, पण या दोघांचं काम घोषणेच्या आधीचं आणि घोषणेपेक्षा कितीतरी खोल होतं.

त्यांची रीत सोपी होती. माणसाला दिवसाला सरासरी २,२५० कॅलरी लागतात, असं धरलं. मग राष्ट्रीय नमुना पाहणीचे १९६०-६१ चे तक्ते घेतले आणि किती खर्च करणाऱ्या घरात एवढं अन्न खरोखर येतं ते पाहिलं. स्वस्तात स्वस्त धान्यानं पोट कसं भरता येईल हे गणित त्यांनी केलं नाही. लोक प्रत्यक्ष खातात काय, हेच पाहिलं. खेड्यात ती पातळी निघाली वर्षाला माणशी १७० रुपये ८० पैसे, शहरात २७१ रुपये ७० पैसे. तेवढंच अन्न, पण शहरात खर्च दीडपटीहून जास्त, कारण तिथे धान्य महाग आणि पोटात जाण्याआधी पैसा भाड्याला, प्रवासाला, जळणाला जातो. त्यामुळे निष्कर्ष आला तो अनेकांना धक्का देणारा होता. खेड्यातले सुमारे ४० टक्के लोक रेषेखाली, तर शहरातले सुमारे ५० टक्के. दशकभरात शहरातल्या सर्वांत खालच्या २० टक्क्यांची स्थिती तर आणखी खालावली होती.

शहरातलं दारिद्र्य म्हणजे खेड्यातलंच दारिद्र्य शहरात सांडलेलं, असंही दांडेकर-रथांनी मांडलं. आमच्या भागात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कल्याण सुटलं की कर्जतच्या बाजूचं पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी, कल्याण पूर्व आणि उल्हासनगर यांच्या सांध्यावरचं. पलीकडे फाळणीनंतर लष्कराच्या जुन्या छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एनआरसी, अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना. कारखान्यात कायम झालेल्यांना क्वार्टर मिळाले. बदली कामगार, बिगारी, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बाया कोळसेवाडी, काटेमानिवली, विठ्ठलवाडीच्या चाळींत आल्या. मुंबईत भाडं परवडत नाही म्हणून माणूस ठाण्याला येतो, ठाण्यात परवडत नाही म्हणून इथे. भाड्यात वाचलेला पैसा, आणि वर वेळ, तो रोज लोकलमध्ये भरतो.

दांडेकर-रथ नुसतं मोजून थांबले नाहीत. गरिबाला जमीन किंवा भांडवल देऊन भागणार नाही, त्याला मजुरीचं काम हवं आणि ते सरकारनं द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. महाराष्ट्रात वि. स. पागे हेच वेगळ्या वाटेनं मांडत होते. तासगाव भागात १९६५ मध्ये त्यांनी त्याचा प्रयोगही करून पाहिला होता. मग १९७२ चा दुष्काळ आला. बाया-बापड्या खडी फोडायला रस्त्यावर बसल्या, सुकडी खाऊन दिवस काढले. रोजगार हमी योजना उभी राहिली ती त्या खडीवर. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला.

रोजगार हमीला बहुतेक लोक कल्याणकारी योजना म्हणतात. मला ती दारिद्र्य मोजण्याची एक निराळी पद्धत वाटते, आणि आपल्याकडच्या पद्धतींत सर्वांत प्रामाणिक. ना कॅलरी, ना उत्पन्नाचा दाखला, ना यादी. मागेल त्याला काम. उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू, त्याला आणखी काही सिद्ध करावं लागत नाही. आणि आले कोण? मोठ्या संख्येनं बाया. दांडेकरांच्या पत्नी कुमुदिनी दांडेकर यांनी याच अंगानं योजनेचा अभ्यास केला. घरखर्चाच्या पाहणीत घर एक धरलं जातं, घरातली बाई वेगळी मोजली जात नाही. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मात्र तिचं नाव स्वतंत्र लागलं.

या योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. आमच्या भागातले कारकून, कंपनी कामगार, शिक्षक यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर तो दर महिन्याला कापला जातो. किती जणांना ठाऊक असेल तो का सुरू झाला! शहरातल्या पगारदारानं गावाकडच्या मजुरीची हमी घेतली, हे महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा केलं आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण हमी मुख्यतः ग्रामीण भागासाठी होती. खटावहून विठ्ठलवाडीला आलेल्या बाईचा हमीवरचा हक्क कल्याण स्टेशनात उतरताच संपला. दांडेकर-रथांनी ज्यांना रेषेखालचे शहरातले अर्धे म्हटलं होतं, त्यांच्यासाठी असा हजेरीपट कुणी काढला नाही.

याच सुमारास पुण्यात दारिद्र्याच्या मापावरून मोठा वाद पेटला. पां. वा. सुखात्मे हे जगातल्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञांपैकी एक, रोममध्ये अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख राहून पुण्याला परतलेले. गाव खटाव तालुक्यातलं बुध. म्हणजे दांडेकर आणि सुखात्मे, मोजणारे दोघंही सातारा जिल्ह्यातले. सुखात्म्यांचं म्हणणं असं : २,२५० ही सरासरी आहे, आणि निरोगी माणसांतही जवळपास निम्मे सरासरीपेक्षा कमीच खाणार. एकाच माणसाची गरजही आठवड्या-आठवड्याला बदलते, शरीर ती सांभाळून घेतं. मग सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी कसं म्हणायचं? रेषा सरासरीच्या बरीच खाली हवी. तशी घेतली की गरिबांची संख्याही बरीच उतरते.

दांडेकरांनी १९८१ मध्ये सविस्तर उत्तर दिलं. कुपोषण आणि दारिद्र्य या दोन गोष्टी आहेत. इतरांना जेवढं अन्न घेता येतं तेवढं एखाद्या घराला पैशाअभावी घेता येत नसेल तर ते घर गरीब आहे, मग त्या घरातल्या माणसाचं शरीर कितीही जुळवून घेवो. मी या वादात दांडेकरांच्या बाजूचा आहे. जुळवून घेणं हा गरिबाचा गुण खरा, पण तो त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. तरीही सुखात्म्यांची एक गोष्ट मला पटते आणि ती या वादात दबून गेली. ते सांगत होते की पोरं वाळतात ती नुसत्या अन्नाच्या तुटवड्यानं नाही. घाण पाणी, जुलाब, जंत यांनी खाल्लेलं अंगी लागत नाही. ज्यानं पावसाळ्यात वालधुनी नदीकाठची वस्ती पाहिली आहे, कारखान्यांचं रंगीत पाणी आणि गटार एकाच पात्रात वाहताना पाहिलं आहे, त्याला हे खोटं म्हणता येणार नाही. तिथल्या आईनं मुलाच्या ताटात पुरेसं वाढलं तरी त्यातलं निम्मं जुलाबात जातं. कॅलरीच्या तक्त्यात ते घर बरं दिसतं.

पुढच्या समित्यांचं थोडक्यात सांगतो. १९७९ मध्ये अलघ गटानं खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरी ठरवल्या. १९९३ मध्ये लकडावाला गटानं प्रत्येक राज्याची रेषा वेगळी केली. मधल्या काळात महाराष्ट्रात सामान्य माणसाचं दारिद्र्य ठरत होतं ते भलत्याच गोष्टीवर : रेशन कार्डाच्या रंगावर.

१ मे १९९९ पासून राज्यात तिरंगी कार्डं आली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १५,००० पर्यंत असेल तर पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. आमच्याकडे कुणी "आम्ही दारिद्र्यरेषेखाली" म्हणत नाही, "आमचं कार्ड पिवळं" म्हणतात. २६ जुलै २००५ ला वालधुनी घरात शिरली, तेव्हा चाळीतल्या बायांनी पाणी ओसरल्यावर आधी पत्र्याची पेटी उघडली. दोरीवर गोधड्या वाळत होत्या आणि त्यांच्या मधोमध चिमटा लावून कार्डं, कडा फुगलेल्या, शिक्क्याची जांभळी शाई पानभर पसरलेली. मावशींचं कार्ड केशरी होतं. त्यावर तेव्हा नावालाच धान्य मिळायचं, तरी ते त्यांनी सर्वांत आधी वाळत घातलं.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. पंधरा हजार म्हणजे घराला महिना १,२५०. २०११ च्या प्रतिज्ञापत्रातली रेषा, जिच्यावर देश एवढा चिडला, ती पाच जणांच्या शहरी घराला वर्षाला ५७,९०० रुपयांची होती. पिवळ्या कार्डाची मर्यादा तिच्या जवळपास चौथा हिस्सा. म्हणजे केंद्राच्या लेखी स्पष्टपणे गरीब असलेलं कुटुंब खरं उत्पन्न लिहून पिवळं कार्ड मिळवूच शकत नव्हतं. ज्याला धान्य हवं त्याला खोटा आकडा लिहावा लागायचा, आणि जो खरं लिहायचा तो उपाशी. अन्नसुरक्षा कायद्याखाली फेब्रुवारी २०१४ पासून शहरात ५९,००० पर्यंत उत्पन्नाच्या केशरी कार्डावरही धान्य मिळू लागलं, तेव्हा कुठे ही दरी थोडी भरली.

प्रतिज्ञापत्रामागची पद्धत सुरेश तेंडुलकरांची होती. त्यांच्या समितीनं २००९ मध्ये कॅलरीचा हिशेब सोडला, शिक्षण-आरोग्याचा खर्च धरला, आणि खेड्यातलं दारिद्र्य आजवर कमी मोजलं गेलं होतं हे दाखवलं. हे मोठं काम होतं. ३२ रुपयांचा सगळा राग त्यांच्या नावावर निघाला, पण तो ऐकायला ते नव्हते. त्याआधी तीन महिने, जून २०११ मध्ये, पुण्यात त्यांचं निधन झालं होतं. महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर २००४-०५ च्या एकाच पाहणीवरून जुन्या पद्धतीनं खेड्यात २९.६ टक्के आणि शहरात ३२.२ टक्के गरीब होते. तेंडुलकर पद्धतीनं खेड्यात ४७.९ आणि शहरात २५.६. खेड्याला न्याय मिळाला. शहराचं मात्र समितीनं नव्यानं मोजलं नाही. देशाचा जुना शहरी आकडा, २५.७ टक्के, तसाच मान्य करून तिथून पुढचं गणित केलं. २०१४ मध्ये रंगराजन समितीनं शहराची रेषा ३२ नव्हे, दिवसाला ४७ रुपये केली, आणि महाराष्ट्रातलं २०११-१२ चं शहरी दारिद्र्य तेंडुलकर पद्धतीच्या ९.१ टक्क्यांवरून १७ वर गेलं. वर्ष तेच, लोक तेच. हा अहवाल सरकारनं स्वीकारला नाही.

२०२१ मध्ये नीती आयोगानं बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक काढला. यात रुपये नाहीत. पोषण, बालमृत्यू, शाळा, पाणी, जळण, वीज, घर, बँक खातं अशी बारा मापं आहेत, आणि भारित बेरजेत एक-तृतीयांश वंचना भरली तर माणूस गरीब. सुखात्मे ज्या पाण्याबद्दल बोलत होते ते यात आलं. शौचालय दुसऱ्या कुटुंबांबरोबर वापरावं लागत असेल तर तीही वंचना धरली आहे. चाळीच्या टोकाचा सार्वजनिक संडास, पहाटे चारपासून डबा घेऊन लागलेली बायांची रांग देशाच्या दारिद्र्याच्या मोजणीत आली, याचं मला खरंच बरं वाटलं. तिचं वजन आहे एकविसावा भाग. रेषेखाली जायला तसे सात लागतात. भाडं इथेही नाही.

त्या दिवशी मावशींनी पेपरच्या कडेला स्वतःचा हिशेब मला लिहायला लावला होता. त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो. भाडं, दोन पास, लाइट, रॉकेल, किराण्याची उधारी, सासूच्या गोळ्या, मुलीची वह्या-पुस्तकं, भिशीचे तीनशे, नळ गेला की पाण्याचं पिंप. सगळं झालं असं समजून मी बेरजेची रेघ ओढली, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. रेघेच्या वर अजून एक लिहायचं राहिलं होतं : गावी, आईला, पाचशे. आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, आता तिचे गुडघे गेलेत, असं त्या म्हणाल्या. घरखर्चाच्या पाहणीत गावी पाठवलेला पैसा घरच्या उपभोगात धरत नाहीत. मी रेघ खोडली आणि ते पाचशे लिहिले.